कार्बन मायक्रोफोनचा वारसा: वैमानिकाचा हेडसेट हॅम रेडिओला जोडताना

पन्हाळ्यावर उघड्या जागी हॅम रेडिओचे, म्हणजे परवानाधारक हौशी लोक चालवतात त्या रेडिओचे, केंद्र मांडले की उंचीमुळे संदेश लांबवर जातात, परंतु अंगावर येणारा वारा आणि शेजारी धडधडणारा पेट्रोल जनरेटर यांच्या गोंगाटात समोरच्या केंद्राचा क्षीण आवाज कानापर्यंत पोहोचत नाही. कोल्हापूर शहरात शिवाजी उद्यमनगरच्या आसपास राहणाऱ्यांना लेथ आणि ग्राइंडरचा आवाज दिवसभर सोबतीला असतो. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला आलेल्या महापुरासारख्या प्रसंगी तर मदतीच्या बोटीचे इंजिन चालू असतानाच गावाचे नाव आणि माणसांची संख्या अचूक ऐकावी लागते. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकापुढे हीच अडचण असते आणि तिच्यावरचा तोडगा म्हणजे त्याचा हेडसेट.

या हेडसेटचे जाड कानकप बाहेरचा आवाज साधारण २० ते २५ डेसिबलने कमी करतात. जनरेटरच्या घरघरीसारखे खालच्या पट्टीतले आवाज मात्र नुसत्या गादीने फारसे अडत नाहीत. त्यासाठी काही हेडसेटमध्ये उलट कलेचा, म्हणजे मूळ लहरीच्या उंचवट्यापाशी खळगा असलेला, ध्वनी निर्माण करून मूळ आवाज मारणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. मायक्रोफोनची रचना याहून सुंदर आहे. त्याच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी हवा लागते. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच दाबाने पोहोचतो आणि स्वतःलाच खोडतो, तर ओठांपासून काही मिलिमीटरवर असलेल्या बाजूला बोलण्याचा दाब पुष्कळ जास्त असल्याने तेवढे बोलणेच उरते.

असा एक जुना हेडसेट हाती आला, तेव्हा तो सरळ माझ्या रेडिओ संचाला जोडता येईल असे मला वाटले होते. त्याला दोन प्लग असतात: कानासाठी ६.३५ मिलिमीटर व्यासाचा आणि मायक्रोफोनसाठी त्याहून किंचित बारीक, ५.२३ मिलिमीटरचा, दोहोंची अदलाबदल होऊ नये म्हणून हा फरक ठेवलेला आहे. जुळणारे सॉकेट लावून बोललो तर मायक्रोफोन मुका निघाला. त्याला वीज द्यायला हवी हे कळल्यावर ती दिली, तेव्हा पलीकडच्या केंद्राने आवाज फाटत असल्याचे सांगितले. या दोन्ही अपयशांचे मूळ एकाच जुन्या यंत्रात आहे.

ते यंत्र म्हणजे कार्बन मायक्रोफोन. घरोघरीच्या जुन्या काळ्या डायलच्या टेलिफोनमध्ये तो असे. त्यात कार्बनचे बारीक कण भरलेले असतात. आवाजाच्या दाबाने ते कमीअधिक दाबले जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि बाहेरून दिलेला विद्युतप्रवाह त्या तालावर हेलकावतो. म्हणजे या मायक्रोफोनला बाहेरून वीज लागतेच, मात्र त्या बदल्यात तो कोणत्याही प्रवर्धकाविना (अँप्लिफायरविना) भरपूर जोरकस संकेत देतो. विमानातील रेडिओ याच मायक्रोफोनला धरून घडले. पुढे १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी फॉइलचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन, म्हणजे कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा मायक्रोफोन, तयार केला, आणि कालांतराने त्या जातीचे मायक्रोफोन हेडसेटमध्येही आले. मात्र विमानातील जुने रेडिओ बदलावे लागू नयेत म्हणून मायक्रोफोनमागे छोटा प्रवर्धक बसवून त्याला कार्बन मायक्रोफोनसारखेच वागायला लावले गेले. ही तडजोड मला अभियांत्रिकीतील अतिशय समंजस निर्णयांपैकी एक वाटते.

म्हणून वैमानिकी मायक्रोफोनला ८ ते १६ व्होल्टचा डीसी पुरवठा २२० ते ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून द्यावा लागतो. काही हॅम संचांच्या मायक्रोफोन सॉकेटवर ८ व्होल्ट उपलब्ध असतात, पण त्यातून १० मिलिअँपियरच घेता येतात आणि ते पुष्कळदा अपुरे पडतात; त्यापेक्षा संचाच्या १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यातून ४७० ओहममार्गे वीज घेणे बरे. दुसरा भाग संकेत कमी करण्याचा. साधा डायनॅमिक मायक्रोफोन, म्हणजे बाहेरच्या विजेविना चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, काही मिलिव्होल्ट देतो, तर हा काहीशे मिलिव्होल्ट देतो. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने डीसी अडवून पुढे १० किलोओहम आणि १०० ओहम या रेझिस्टरांची एकापुढे एक जोडी लावली आणि १०० ओहमच्या दोन टोकांवरून संकेत घेतला, की संकेत सुमारे शंभराव्या हिश्शावर येतो आणि आवाज फाटणे थांबते. काही संच मायक्रोफोनच्या तारेवर स्वतःचे डीसी सोडतात, त्यामुळे संचाच्या बाजूलाही एक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा. एक खबरदारी आवर्जून घ्यावी: हेलिकॉप्टरचे एकाच प्लगचे काही हेडसेट सुमारे ५ ओहमच्या डायनॅमिक मायक्रोफोनचे असतात, त्यांना डीसी मुळीच देऊ नये.

कानाची बाजू सोपी आहे. हेडसेटचा इंपिडन्स (ध्वनिसंकेताला होणारा विद्युत अडथळा) १५० ते ६०० ओहम असतो, त्यामुळे त्याच व्होल्टेजवर ८ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत ३०० ओहमच्या हेडसेटला सदतिसावा हिस्सा शक्ती मिळते. तरी कानाला काही मिलिवॉट पुरतात. मोनो प्लग स्टीरिओ जॅकमध्ये घातल्यास एक वाहिनी शॉर्ट होते, म्हणून मध्ये योग्य अडॅप्टर हवा.

पुरवठ्याच्या वायरीतून गुणगुण येऊ लागली, तर मायक्रोफोनसाठी वेगळी ९ व्होल्टची बॅटरी वापरून पाहावी. माझी गुणगुण तेवढ्यानेच गेली. अँटेनाची ऊर्जा तारेत शिरून आवाज बिघडत असेल, तर तारेवर फेराइटची कडी चढवावी. बोलण्यासाठी दाबायचे बटण बहुतेक हेडसेटवर नसते, ते विमानाच्या सुकाणूवर असते, तेव्हा पायाने दाबायचा स्विच जोडल्यास लिहायला हात मोकळे राहतात. या जोडणीमुळे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानी पट्ट्यात बोलण्याची परवानगी मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको. आपले बोलणे हौशी पट्ट्यांतच.

सारे जोडून झाले की जनरेटरशेजारी एसएसबी (सिंगल साइडबँड) या प्रक्षेपण पद्धतीवर, अँटेनाऐवजी तिची शक्ती शोषून घेणारा डमी लोड लावून, काही न बोलता बटण दाबावे. या पद्धतीत आवाज नसेल तर प्रक्षेपणही होत नाही, त्यामुळे मायक्रोफोन गोंगाट खोडत असेल तर शक्ती दाखवणारा काटा शून्यापाशीच राहतो. मग मायक्रोफोन ओठांना जवळजवळ टेकवून, त्यावर खूण केलेली बाजू आपल्याकडे ठेवून नेहमीच्या आवाजात बोलावे, आणि काटा नीट उचलेपर्यंतच संचावरचा मायक्रोफोनचा गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) वाढवावा.