टारांटो आणि पर्ल हार्बर: पाणी सारखंच उथळ, हल्ले वेगळे

टारांटो म्हणजे छोटं पर्ल हार्बर, असं स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये सर्रास लिहिलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इटलीच्या टारांटो बंदरावर हल्ला केला आणि जपान्यांनी अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरवर. दोन्हीकडे विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी बंदरात नांगरलेल्या युद्धनौका फोडल्या, एवढं साम्य खरंच आहे. पुढं वाटा फुटतात.

मूळ अडचण पाण्याची होती. विमानातून टाकलेला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाजावर फुटणारं अस्त्र, आधी तीसेक मीटर खाली जातो, मग वर येऊन ठरवलेल्या खोलीवर धावतो. या बंदरांत पाणी जेमतेम १२ ते १५ मीटर, म्हणजे मराठवाड्यातल्या चाळीस-पन्नास फुटी विहिरीएवढं. टॉर्पेडो थेट गाळात रुतणार.

ब्रिटिशांनी स्वोर्डफिश विमानाच्या नाकाखाली तारेचा ड्रम बसवला. टॉर्पेडो पडताना तार उलगडायची, त्याचं तोंड वर ओढून धरायची आणि तो पाण्यावर जवळजवळ आडवा आपटायचा. टॉर्पेडो अडवायला पाण्यात सोडलेल्या इटालियन जाळ्यांखालून जावा म्हणून त्याची धावण्याची खोली सुमारे १० मीटर ठेवली होती. त्यात जोखीम होतीच. लिट्टोरिओ या युद्धनौकेखाली एक न फुटलेला टॉर्पेडो नंतर चिखलात सापडला.

जपान्यांनी तार वापरली नाही. त्यांनी टॉर्पेडोच्या शेपटीला लाकडी पंख जोडले. पाण्यात शिरताना ते तुटून पडत. पण खरी करामत वेगळीच, आणि तिची दखल कमी घेतली जाते. हवेत टॉर्पेडो स्वतःभोवती फिरला तर त्याची सुकाणूं भलत्याच दिशेला वळतात आणि तो खोल जातो. हे फिरणं रोखणारी यंत्रणा त्यांनी बसवली, शिवाय जपानमधल्या कागोशिमाच्या खाडीत अगदी कमी उंचीवरून उडत टॉर्पेडो सोडण्याचा सराव केला.

पर्ल हार्बरमध्ये काही युद्धनौका जोडीजोडीनं उभ्या होत्या. आतल्या जहाजापर्यंत टॉर्पेडो पोचणार नाही, म्हणून नौदलाच्या तोफगोळ्यांपासून बनवलेले सुमारे ८०० किलोचे चिलखतभेदी बॉम्ब उंचावरून टाकले. ॲरिझोना ही युद्धनौका अशाच बॉम्बनं उडाली. तिच्या पुढच्या भागातलं दारूगोळ्याचं कोठार पेटलं आणि एकट्या त्या जहाजावर १,१७७ माणसं गेली. टारांटोत या तोडीचं काही नव्हतं.

आकड्यांत तर तुलनाच नको. टारांटोवर ११ नोव्हेंबर १९४०च्या रात्री एकट्या इलस्ट्रियस जहाजावरून २१ विमानं गेली आणि त्यांत टॉर्पेडोवाली फक्त ११. तीन युद्धनौका निकामी झाल्या, दोन विमानं पडली. पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१च्या सकाळी सहा विमानवाहू जहाजांवरून साडेतीनशेच्या आसपास विमानं आली. २९ परतली नाहीत.

दोन्ही हल्ल्यांना ‘अचानक’ म्हटलं जातं, पण तो शब्दही जपून वापरावा. इटली आणि ब्रिटन जून १९४०पासून युद्धात होते. टारांटोला खालून येणारी विमानं अडवायला तारांना बांधलेल्या फुग्यांचा अडथळा होता, पण वादळानं बरेच फुगे उडवून नेले होते. जाळ्याही गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्याच लागल्या होत्या. म्हणजे बंदोबस्त होता, तो अपुरा पडला. अमेरिका मात्र युद्धातच नव्हती. तिथं टॉर्पेडोची जाळी लावलेलीच नव्हती, कारण इतक्या उथळ पाण्यात टॉर्पेडो चालेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

टारांटोनंतर इटालियन ताफ्यातल्या धड राहिलेल्या युद्धनौका दुसऱ्याच दिवशी उत्तरेला निघून गेल्या. पर्ल हार्बरमधल्या तेलाच्या टाक्या, दुरुस्तीची गोदी आणि पाणबुड्यांचा तळ शाबूत राहिला, आणि अमेरिकन नौदल तिथूनच लढत राहिलं.