झाकणावरचं पाणी

आमच्या आठवीतल्या मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला, ‘घरातल्या पर्यावरणपूरक सवयी’. तिनं रात्रीतच यादी करून टाकली. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, दात घासताना नळ बंद, बाजाराला कापडी पिशवी, वाढदिवसाला एक झाड. यादीत चूक काहीच नव्हती. गेली वीस वर्षं सगळ्या मुलांच्या वहीत हीच यादी असते. दुसऱ्या दिवशी ती दोन बादल्या कढत पाणी अंगावर ओतून बाथरूममधून बाहेर आली आणि मला दिसेल अशा बेतानं दिवा बंद केला.

मी शिकवतो भौतिकशास्त्र, त्यामुळं गप्प बसवलं नाही. चहा पिता पिता दोघांनी हिशेब मांडला.

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. कोल्हापुरात थंडीत टाकीतलं पाणी 22 अंशांवर आहे आणि अंघोळीला 42 अंशांचं हवं, असं धरू. पंधरा लिटरच्या एका बादलीला साधारण 1260 किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत 0.35 युनिट लागतं. आमच्या बाथरूममधला एलईडी दिवा 9 वॅटचा. तेवढ्याच विजेत तो जवळजवळ 39 तास जळेल. दीड दिवसाच्या वर! नुसता एक तांब्या गरम पाणी कमी घेतलं तरी अडीच तासांच्या दिव्याची भरपाई होते.

“मग दिवा बंद करायचाच नाही का?” तिनं विचारलं. करायचा की. पण हा सल्ला साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळातला आहे. त्या बल्बला दिली जाणारी बहुतेक वीज उष्णता होऊन जायची, उजेड हे जोडउत्पादन म्हणायचं. बल्ब गेला, सल्ला तसाच राहिला. डोळ्याला उजेड दिसतो म्हणून आपण उजेडावर पहारा ठेवतो. उष्णता दिसत नाही आणि घरातली खरी उधळपट्टी तिथंच चालते. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चौघांच्या एकेका बादलीमागं रोजचा किलोभर झाला, फक्त अंघोळीचा.

यावर कुणीतरी बंबाची आठवण काढतंच. तांब्याचा बंब, आत मधोमध जाळाची नळी, खाली चिपाडं नाहीतर नारळाच्या करवंट्या. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत सकाळी सहाला सगळ्या परड्यांतून धूर निघायचा. नळी पाण्याच्या पोटातून जाते, त्यामुळं उष्णता पाण्याला भिडते, ही रचना हुशारीची आहे यात वाद नाही. पण अर्धवट जळालेल्या लाकडाचा बारीक धूर फुप्फुसात खोलवर जातो आणि दाट वस्तीत तो शेजाऱ्याच्याही वाट्याला येतो. मला बंब आवडतो, गल्लीत परत यावा असं मात्र वाटत नाही. गच्चीवर सौर बंब असेल तर उत्तम. फक्त नळीत साचलेलं पहिलं गार पाणी मोरीत सोडून न देता दुसऱ्या बादलीत धरायचं. अर्ध्या इंची नळी दहा मीटर लांब असली तर त्यात पावणेदोन लिटर पाणी मावतं.

अंघोळीनंतर स्वयंपाकघर. इथं मी शिकवायला गेलो आणि आईकडून शिकून परत आलो.

रविवारी रस्सा शिजत होता. गॅस मोठा, पातेलं उघडं, खदखदा उकळी. खूप जणांना वाटतं, जाळ मोठा म्हणजे पाणी जास्त तापतं आणि मटण लवकर शिजतं. तसं होत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी शंभरला नाही, साधारण 98 अंशांनाच उकळतं. एकदा उकळी फुटली की खाली कितीही जाळ घाला, पाणी त्या आकड्यावरच राहतं. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि वाफ खिडकीतून बाहेर. मटणाला त्यातलं काही मिळत नाही.

वाफ ही भलतीच खर्चीक गोष्ट आहे. एक लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 305 किलोज्यूल लागतात. तेच लिटरभर पाणी वाफ करून उडवायला 2260 लागतात, सातपटीहून जास्त. शेगडीची थोडी उष्णता भांड्याच्या कडेनं निसटते ती धरली, तर लिटरभर पाणी हवेत उडवायला अंदाजे 75 ग्रॅम गॅस जळतो. कोल्हापूरकराला हे पटवायला पुस्तक नको, गुऱ्हाळात घेऊन जावं. उसाच्या रसात सुमारे चार पंचमांश पाणीच असतं. ते आटवायलाच काहिलीखालचं चुलवाण तासन्‌तास धगधगत ठेवावं लागतं आणि रस काढून झाल्यावर उरलेलं वाळकं चिपाड त्यात जातं. गूळ करायचा तर पाणी उडवावंच लागतं. भात, आमटी, अंडी उकडताना आपण विनाकारण गुऱ्हाळ चालवत असतो.

आईनं माझं भाषण ऐकून घेतलं, शेगडी बारीक केली, पातेल्यावर ताट ठेवलं आणि ताटात दोन भांडी पाणी ओतलं.

“हे काय माहीत नाही व्हय तुला? रश्श्यात वरनं गार पाणी घालायचं नसतंय. हे तापलं की हेच घालायचं.”

ही रीत मी जन्मापासून बघतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. पातेल्यातली वाफ वर येते, ताटाच्या थंड बुडाला लागते आणि तिचं परत पाणी होतं. वाफ होताना तिनं जेवढी उष्णता घेतली होती, तेवढी सगळी ती ताटाला देऊन टाकते. ताटातलं पाणी त्या परत मिळालेल्या उष्णतेवर फुकट तापतं. खाली पडलेले थेंब भाजी करपू देत नाहीत, आणि वरचं गरम पाणी रश्श्यात घातल्यावर उकळी मोडत नाही. कारखान्यात याच कामासाठी मोठमोठी यंत्रं बसवतात आणि अभियंते त्याला उष्णतेची पुनर्प्राप्ती म्हणतात. आमच्याकडं ते काम एक ताट करतं.

कुकरचं तत्त्वही वाफ अडवण्याचंच. आत दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ झटक्यात शिजते. शिट्टी झाली म्हणजे आतला दाब पुरेसा होऊन जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक केला तरी आतलं तापमान तेच राहतं. शिट्ट्या मोजणं म्हणजे वाया गेलेली वाफ मोजणं. हे मी घरात एकदाच म्हणालो. कडधान्य रात्री भिजत घातलं की शिजायचा वेळ आणखी घटतो, ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

पंखा आणि सेटटॉप बॉक्सवर दोन शब्द. छताचा जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, नव्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसेक वॅट. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. म्हणजे रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. सेटटॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आत जागाच असतो. दहा वॅट धरले तर वर्षाला 87 युनिट होतात. भिंतीवरचं बटण दाबायला एक सेकंद लागतो.

मग मुलीनं रंकाळा तलावाचा प्रश्न काढला. संध्याकाळी फिरायला गेलं की कधी कधी पाणी हिरवं दिसतं आणि वास येतो, तो कशाचा? शेवाळाला वाढायला सूर्यप्रकाश, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. गोड्या पाण्यात सहसा फॉस्फरसच तुटपुंजा असतो. तो मिळाला की बाकी सगळं तयारच असतं. एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमहून जास्त शेवाळ तयार होऊ शकतं, तेही वाळवून मोजलं तर. पुढं ते मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. फॉस्फरस येतो सांडपाण्यातून, त्यात मैला आला आणि काही धुण्याच्या पावडरीही आल्या. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, हा आपला समज आहे. पावडर पाकिटावर लिहिलंय तेवढीच घातली तरी कपडे निघतात.

तेलाचा हिशेब मला स्वतःलाही धक्का देऊन गेला. एक ग्रॅम तेल पूर्ण विघटित व्हायला जवळपास 2.9 ग्रॅम प्राणवायू लागतो. नदीच्या चांगल्या पाण्यात 25 अंशांना एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू असतो आठेक मिलिग्रॅम. म्हणजे चहाच्या चमचाभर तेलाला दीड हजार लिटरहून जास्त पाण्यातला प्राणवायू पुरेल. नदी हवेतून नवा प्राणवायू घेत राहते आणि शुद्धीकरण केंद्रातही बरंच काम होतं, त्यामुळं चित्र इतकं भयंकर नसतं. पण मिसळीच्या कटावरचा तवंग आणि तांबड्या रश्श्याची तर्री ज्या गावात अभिमानानं वाढली जाते, त्या गावातल्या मोऱ्यांतून काय जात असेल, हा विचार करण्यासारखा आहे. ताट घासायला टाकण्याआधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायचं. कोल्हापुरात रस्सा असा पुसून खाणं ही शिकवायची गोष्टच नाही. कढईतलं मात्र जुन्या कागदानं पुसावं लागतं.

हे पाणी शेवटी पंचगंगेत जातं. पंचगंगेवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पाऊस संपला की बसवतात. बांधायला स्वस्त, शेतीला वरदान. पण उन्हाळ्यात यांच्यामुळं नदी वाहती राहत नाही, एकामागं एक तळ्यांची माळ होते. साचलेलं पाणी, ऊन आणि वरून आलेलं खत म्हणजे जलपर्णीला आमंत्रणच. इचलकरंजी-शिरोळ भागात उन्हाळ्यात नदीवर जो हिरवा गालिचा दिसतो, त्यात आपल्या मोरीचाही वाटा आहे, उद्योगांचा आणि शेतीचा आहे तसाच.

आरओ यंत्राबद्दल मी शेजाऱ्यांशी भांडून झालोय. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना साधारण तीन लिटर फेकून देतो. हे यंत्र क्षार काढण्यासाठी आहे. शहराला येणारं काळम्मावाडी धरणाचं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं असतं, त्यात मुळातच क्षार कमी. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथं आरओ वापरू नये, असा निर्णय राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये दिला होता. जंतूंची भीती असेल तर उकळून घ्यावं किंवा साधं यूव्ही यंत्र पुरतं. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी, तिथं आधी क्षार मोजावेत. त्याच 2019 च्या ऑगस्टात महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा तांब्या तांब्या मोजून वापरणारे आम्ही सगळे पूर ओसरल्यावर महिन्याभरात पूर्वपदावर आलो.

सवय टिकत का नाही, याचं उत्तर त्यातच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावली होती. 2010 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात कृती आपोआप व्हायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 दिवस पुरले आणि कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. सवय निश्चयावर कमी आणि खुणेवर जास्त चालते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आधीच्या कामाला जोडून पुढचं काम. पुराच्या वेळची खूण होती कोरडा नळ. नळाला पाणी आलं, खूण गेली, मागोमाग सवय गेली.

म्हणून आम्ही घरात उपदेश बंद करून खुणा बसवल्या. झाकणं मांडणीच्या वरच्या फळीवर होती, ती शेगडीशेजारी खिळ्याला टांगली. बाथरूममध्ये एक बादली ‘पहिल्या पाण्याची’ म्हणून ठेवली. ओल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी वाळक्या पाल्याची गोणी आली, कारण वर्षापूर्वी मी नुसता ओला कचरा भरून बादलीत खत करायला गेलो होतो आणि वासानं घरदार हैराण झालं होतं. चूक माझीच. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर आणि हवा खेळायला जागा नाही, म्हणून तो सडला. मूठभर कचऱ्यावर मूठभर पाला टाकला की कार्बनही मिळतो आणि हवाही. तोच कचरा पिशवीत कोंबून ढिगाखाली गेला असता तर त्यातून मिथेन निघाला असता, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट उष्णता अडवतो.

कापडी पिशवी यादीत राहिली, पण मुलीनं पुढं एक ओळ घातली. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2011 मध्ये काढलेल्या हिशेबात, हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर, सुती पिशवी 131 वेळा वापरली तरच ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. प्लॅस्टिक गटारीत तुंबतं ते वेगळंच, म्हणून कापडीच घ्यायची. पण प्रत्येक लग्नात आणि उद्घाटनात मिळालेल्या सतरा पिशव्या आमच्या दाराआड टांगल्यात, त्यातली एकच घ्यायची आणि फाटेपर्यंत वापरायची.

प्रकल्पाच्या वहीत आता पहिल्या ओळीला झाकण आहे आणि दिवा सातव्या ओळीवर गेलाय. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी नवा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलीय, या वेळी किती दिवस जातो ते बघायचंय. मागच्या आठवड्यात सांगलीचे पाहुणे आले, पंधरा माणसांचा तांबडा-पांढरा झाला. ते दिवस हिशेबातून वगळायचे की धरायचे, यावरून आजी आणि नातीचं अजून जमलेलं नाही.