‘कमी झोप’ म्हणजे नेमकी किती? झोप आणि वजन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

झोप आणि वजन यांचा संबंध वैद्यकाने प्रथम उलट दिशेने पाहिला. अतिस्थूल माणसाला दिवसाही पेंग येते हे जुनेच निरीक्षण होते. झोप अपुरी पडल्याने वजन वाढत असेल, या विचाराला मात्र १९९४ मध्ये लेप्टिन आणि १९९९ मध्ये घ्रेलिन ही भुकेशी निगडित संप्रेरके सापडल्यावरच जोर आला. २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवरील प्रयोगात, दोन रात्री प्रत्येकी चारच तास अंथरुणात राहू दिल्यावर, दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत तृप्तीचा संकेत देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळले.

हे आकडे फार दूरवर गेले, आणि खरा गुंता तेथूनच सुरू झाला. प्रयोगशाळेत ‘कमी झोप’ म्हणजे सक्तीने चार-पाच तासांवर आणलेली झोप, तर लोकसंख्येच्या पाहण्यांत तीच संज्ञा ‘तुम्ही साधारण किती तास झोपता?’ या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावर उभी असते. अंथरुणातला वेळ आणि प्रत्यक्ष झोप यांत फरक असतो. २००८ मध्ये मनगटावरील यंत्राने झोप मोजली, तेव्हा लोक ती सरासरी पाऊण तासाहून अधिक वाढवून सांगतात असे दिसले. शिवाय स्थूलतेमुळे झोपेत श्वास अडखळत असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एकाच वेळी केलेल्या पाहणीतून ठरत नाही. इतक्या भिन्न गोष्टींना एकच नाव देऊन त्यांचे निष्कर्ष एकत्र मांडणे ही या क्षेत्राची मोठी चूक होती, असे मला वाटते.

संप्रेरकांचे निष्कर्षही पुढील प्रयोगांत सर्वत्र जुळले नाहीत, त्यामुळे लक्ष प्रत्यक्ष खाण्याकडे वळले. २०१३ मध्ये असे आढळले की पाच दिवस अपुरी झोप घेणाऱ्यांचा ऊर्जाव्यय सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, कारण जागे राहण्यालाही ऊर्जा लागते. परंतु अन्न मुबलक असेल तर खाणे, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरचे, त्याहून अधिक वाढते.

२०२२ मध्ये प्रश्न उलटा विचारला गेला. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० प्रौढांपैकी ज्यांना झोप वाढवण्यास साहाय्य केले, त्यांची झोप घरच्या घरी, यंत्राने मोजून, सुमारे १.२ तासांनी वाढली आणि इतरांच्या तुलनेत त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० किलोकॅलरींनी घटले. झोप वाढवण्याचा हा काळ मात्र दोनच आठवड्यांचा होता.