पितळी कठड्याची वंशावळ

१:३५० प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेव्या हिश्श्याएवढ्या, मॉडेल युद्धनौकेच्या डेकवरचा कठडा घ्या. खऱ्या जहाजावर त्याचा आडवा दांडा २५ मिलिमीटर जाडीचा धरला, तर मॉडेलवर तो ०.०७ मिलिमीटरचा व्हायला हवा. म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढा. साच्यात दाबून भरलेलं प्लास्टिक इतकं बारीक होत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलं की वितळलेलं प्लास्टिक साच्याच्या टोकापर्यंत पोचेलच याची खात्री नसते, आणि पोचलंच तर बाहेर काढताना मोडतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात १७५ मिलिमीटर. हा कठडा खलाशांसाठी नव्हे, हत्तींसाठी झाला. म्हणूनच बऱ्याच जुन्या किटांमध्ये कठडे दिलेलेच नसत. आपण समजून घ्यायचं.

ही अडचण सुटली ती फोटो-एचिंगने. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा थर द्यायचा, त्यावर नकाशाची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड दाखवायचा, न घट्ट झालेला थर धुऊन टाकायचा आणि उघडा पडलेला धातू रसायनाला खाऊ द्यायचा. उरतो तो कठडा, जाळी, शिडी, रणगाड्याच्या चिखलपट्ट्या, विमानातल्या सीटचे पट्टे. हे सगळं आज घरच्या मोरीत करता येतं. पण मॉडेलवाल्यांनी यातलं काही शोधलेलं नाही. सगळं उसनं आहे, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या मनात मॉडेल हा विषयही नव्हता.

आम्लाला धातू खाऊ घालणं पुष्कळ जुनं. ऑग्सबर्गचा डॅनियल हॉपफर, मृत्यू १५३६, हा चिलखतांवर नक्षी कोरणारा कारागीर. पोलादावर आम्ल न पोचू देणारा लेप द्यायचा, नक्षीपुरता तो खरवडायचा आणि आम्ल सोडायचं, ही त्याच्या धंद्यातली रीत. तीच त्याने लोखंडी पत्र्यावर वापरून कागदावर चित्रं छापली. झाकलेलं वाचतं, उघडं खाल्लं जातं, हा नियम तेव्हापासून बदललेला नाही. फक्त झाकायचं काम हातानं होई.

ते काम प्रकाशाकडे सोपवलं फ्रान्सच्या निसेफोर निएप्सने. त्याचं नाव निघालं की सगळ्यांना खिडकीतून दिसणारी ती छपरं आठवतात, जगातला सर्वांत जुना टिकलेला कॅमेऱ्याचा फोटो. आपल्या दृष्टीने त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. १८२६ मध्ये त्याने कार्डिनल दाम्बुआझचं एक छापील चित्र घेतलं, कागद पारदर्शक केला आणि डांबराचा थर दिलेल्या पत्र्यावर ठेवून उन्हात धरला. ऊन लागलं तिथलं डांबर घट्ट झालं. चित्रातल्या काळ्या रेघांखालचं मऊच राहिलं आणि लॅव्हेंडरच्या तेलात विरघळून गेलं. मग आम्ल. आज मी लेझर प्रिंटरवर काढलेली फिल्म पत्र्यावर ठेवतो, तेव्हा फिल्मवर जे काळं ते धातूत खाल्लं जातं. कार्डिनलच्या वेळीही तेच होतं. आपण डांबर सोडलं, बाकी पद्धत तीच.

डांबराला ऊन तासन्‌तास लागे. इंग्लंडच्या हेन्री फॉक्स टॅल्बटने १८५२ च्या पेटंटमध्ये जिलेटिनमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून तो वेळ खूप कमी केला, आणि १८५८ च्या सुधारित पद्धतीत धातू खाण्यासाठी फेरिक क्लोराइड घेतलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आज तेच मागायचं.

पुढची कित्येक दशकं ही विद्या छापखान्यांनी पोसली. वर्तमानपत्रातलं चित्र छापायचं तर त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, हवा: रेघांच्या चित्राला जस्ताचा, बारीक ठिपक्यांच्या फोटोला तांब्याचा. आपल्याकडे या धंद्यातलं सर्वांत ठळक नाव दादासाहेब फाळक्यांचं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा; त्याआधी ते ब्लॉक आणि छपाईच्या व्यवसायात होते, लोणावळ्याला त्यांनी एन्ग्रेव्हिंगचा कारखाना काढला आणि रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीलाही जाऊन आले. चित्रपटाच्या इतिहासात हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. मला तेच जास्त वाचायला आवडलं असतं.

ब्लॉकवाल्यांची एक युक्ती इथे सांगायलाच हवी. आम्ल फक्त खाली खात नाही, आडवंही खातं. लेपाच्या कडेखाली शिरतं आणि रेघ पोखरतं. त्यावर उपाय म्हणून ते थोडं खाऊ द्यायचे, पत्रा बाहेर काढायचे आणि ड्रॅगन्स ब्लड नावाची लाल राळ, काष्ठौषधीच्या दुकानात जिला हिरादखण म्हणतात, तिची पूड ब्रशने एका दिशेने लोटायचे. पूड रेघेच्या एका कुशीला अडकायची. पत्रा तापवला की वितळून तिथेच चिकटायची. मग दुसरी बाजू, तिसरी, चौथी. आणि पुन्हा आम्लात. एका ब्लॉकसाठी हे तीन-चार वेळा.

ब्लॉकवाल्यांनंतर ही विद्या रेडिओवाल्यांच्या हाती गेली. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लरने १९३६ च्या सुमारास तारांऐवजी तांब्याच्या पापुद्र्यात कोरलेल्या सर्किटवर चालणारा रेडिओ केला. युद्धानंतर असे बोर्ड घरोघरच्या उपकरणांत शिरले. रंगीत टीव्हीच्या काचेमागची लाखो भोकांची पोलादी जाळीही एचिंगनेच होई. या उद्योगांना हवा होता प्रत्येक वेळी सारखाच येणारा, हाताळायला सोपा थर, आणि १९६८ मध्ये ड्यूपाँटने रिस्टन ही कोरडी फिल्म आणली: पातळ, उष्णतेने चिकटणारी. तिच्याच जातीची निळी फिल्म आज फुटावर मिळते; ती इस्त्रीने चिकटते, आणि उजेड न लागलेला भाग धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात निघून जातो.

आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या मुलांनी तर फिल्मशिवायही भागवलं. तांब्याच्या बोर्डावर मार्कर पेनने किंवा नेलपॉलिशने रेघा, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक, आणि बोटं आठवडाभर पिवळी. पितळी एचिंग शिकायला यातल्या कुणाला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

मॉडेलच्या दुनियेत एचिंग ठळकपणे आलं ते १९७० च्या दशकात, ब्रिटनच्या रेल्वे मॉडेलवाल्यांकडून. इंजिनांचे अख्खे किट ते पितळ आणि जर्मन सिल्व्हरच्या सपाट पत्र्यातून देऊ लागले. (आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे ॲल्युमिनियमचं, हा धातू वेगळा, तांबं-निकेल-जस्ताचा, डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला, उत्तम.) सपाट पत्र्यातून पेटीसारखा आकार निघतो तो अर्ध्या एचिंगमुळे. पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला जात असतो. घडीच्या रेषेवर एकच बाजू उघडी ठेवली की अर्ध्या खोलीची चर पडते, आणि चर आत घेऊन दुमडलं की कोपरा काटकोनात बसतो. १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या मोस्त गावी एडुआर्ड कंपनी सुरू झाली, आणि विमानांचे एच केलेले संच कुठल्याही हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

मग घरी कशाला? कारण कंपन्या स्पिटफायर विमानाचे संच काढतात, नेरळ-माथेरानच्या डब्याचे नाही. मला त्या डब्याच्या खिडक्यांच्या चौकटी हव्या होत्या. वर्कशॉपच्या भाषेत दहा थाऊचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा पितळी शिम पत्रा आणला आणि ०.१५ मिलिमीटरच्या पट्ट्या आखल्या. ट्रेमध्ये पंचवीस मिनिटांनी काय उरलं? बाहेरची चौकट. आतल्या पट्ट्या फेरिकने आडव्या खाऊन टाकल्या होत्या. पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक पट्टी टिकत नाही, ही गोष्ट हिरादखणवाल्या ब्लॉकमेकरला कुणी शिकवावी लागली नसती. पुढच्या खेपेला पाच थाऊचा पत्रा, दोन्ही बाजूंना फिल्म, आणि नकाशाच्या दोन फिल्म एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून त्यांचं कडेने चिकटवलेलं पाकीट. द्रावण चाळीस अंशांवर राहावं म्हणून ट्रे गरम पाण्याच्या परातीत. सोळापैकी तेरा खिडक्या निघाल्या.

कारखान्यातली एक गोष्ट मात्र घरी येत नाही: सांडपाण्याची सोय. वापरून झालेलं फेरिक हिरवट होतं आणि त्यात तांबं असतं. ते गटारात गेलं तर पाण्यातल्या जीवांना घातक, आणि स्टीलच्या सिंकलाही खातं. मी धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो. फेस येतो, म्हणून बादली मोठी लागते. खाली बसलेला चिखल वाळवून डब्यात बंद करून ठेवतो. असे दोन डबे गॅलरीत आहेत. शेजारी फरशीवर तपकिरी डाग आहे, आणि घरी कुणी पाहुणे आले की आई त्याच्यावर कुंडी सरकवते.