बालकर्करोगाचं ओझं: औषध जुनं, मोजणी नवी

जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. कित्येक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. एवढी तफावत बघून वाटतं, औषध नवं आणि महागडं असणार. पण गोष्ट उलटी आहे.

१९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमिनोप्टेरिनने त्यातल्या १० जणांचा आजार काही काळ मागे हटला होता. हे औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्याकडे त्यांचं नाव अजूनही फारसं कुणी घेत नाही. पुढे मर्काप्टोप्युरिन आलं, सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन निघालं. तीच सदाफुली, जी नागपूरच्या मे महिन्यातही कुंपणाशी फुललेली असते. एकेकटं औषध दिलं की आजार काही काळाने परत यायचा, म्हणून १९६२ पासून मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी सगळी औषधं एकत्र, ठरलेल्या क्रमाने द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांच्या आत निम्मी मुलं बरी होऊ लागली. भारतात १९८० च्या दशकात टाटा मेमोरियलने असाच एक क्रम इथल्या परिस्थितीला बेतून राबवला.

म्हणजे औषधं आजोबांच्या काळातली आहेत. अडलं ते निदानापाशी. हगवण आणि न्यूमोनियाने मुलं दगावत होती तोवर बालकर्करोग आरोग्य खात्यांच्या यादीत तळाला होता, आणि ज्याचं निदानच झालं नाही ते मूल आकड्यात येणार तरी कसं? २०१९ च्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की जगातल्या ४३ टक्के बालरुग्णांचं निदानच होत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाने मृत्यूंऐवजी गमावलेली निरोगी वर्षं मोजली: २०१७ या एकाच वर्षात सुमारे १ कोटी १५ लाख. पाच वर्षांचं मूल गेलं की पुढचं अख्खं आयुष्य हिशेबात धरावं लागतं, म्हणून हा आकडा एवढा फुगतो.

नागपूर शहराची कर्करोग नोंदणी १९८० पासूनची, म्हणजे देशातल्या जुन्यांपैकी. पण अशा नोंदणीत त्या हद्दीतले रहिवासीच धरतात. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला गडचिरोलीहून, बालाघाटहून आणलेलं पोर उपचार नागपुरात घेतं, पण नागपूरच्या आकड्यात येत नाही. नियम शास्त्राला धरूनच आहे; तरी विदर्भाचं चित्र त्यातून अर्धंच दिसतं.

रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने सुया-सलाईनचे, पुढे रोजची मर्काप्टोप्युरिनची गोळी, कधी अर्धी मोडून, आणि आठवड्याला मेथोट्रेक्सेट, जे फार्बरच्या औषधाचंच भावंड. पोर खेळायला लागतं, धानाची रोवणी तोंडावर येते, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी डोळ्यांपुढे दिसते, आणि तारीख चुकते. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो. बुडालेली रोजी त्यातून निघत नाही.

२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं वाचवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यासाठी निवडलेल्या सहा कर्करोगांत डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमाही आहे. त्याची पहिली खूण बरेचदा घरातच दिसते: फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक.