वकिलाशिवाय संरक्षण आदेशाचा अर्ज: इंदूरमध्ये कुठे जायचं, काय लिहायचं, काय मागायचं

सुदामानगर, रामबाग, लोकमान्यनगर, कुठेही जा, आपल्या मराठी घरांतून एक वाक्य कानावर येतंच: ‘वकील करायला पैसे नाहीत, म्हणून थांबलेय.’ कृपा करून त्यासाठी थांबू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश, म्हणजे त्रास देणाऱ्याला हिंसा थांबवायला सांगणारा न्यायालयाचा आदेश, मागायला वकील लागत नाही. आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला पाहिजे किंवा घटस्फोटाचा दावा लावलेला पाहिजे, अशीही अट नाही.

अर्ज बायकोच करते असा समज आहे. पण आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, या सगळ्यांना तो करता येतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासोबत ती एका घरात राहत असावी किंवा पूर्वी कधी राहिलेली असावी, एवढंच. मुलाचा मार मुकाट सोसणाऱ्या आईला हा कायदा आपल्यासाठी आहे हे ठाऊकच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो मार्ग मोकळा केला. फक्त, घराबाहेर काढण्याचा आदेश घरातल्या बाईविरुद्ध मिळत नाही.

मारहाण झालीच पाहिजे असंही नाही. पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, स्त्रीधन परस्पर विकणं, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून पाणउतारा करणं, जबरदस्तीचा शरीरसंबंध, हे सगळं कायद्याने हिंसाच आहे.

अर्ज न्यायिक दंडाधिकारी प्रथम वर्ग यांच्याकडे करायचा. कुठल्या गावातल्या, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो, कारण माहेर जळगावला आणि सासर इंदूरला अशी घरं इथे पुष्कळ. सासरच्या गावातच अर्ज करायला हवा असं मुळीच नाही. तुम्ही आत्ता जिथे राहता, अगदी तात्पुरत्या का होईना, तिथे अर्ज करता येतो. जिथे नोकरी करता तिथे, तो राहतो तिथे, किंवा घटना घडली तिथेही चालतो. म्हणजे सासर पुण्याचं आणि तुम्ही जीव मुठीत धरून इंदूरला आईकडे आलेल्या असाल, तर इंदूरचं जिल्हा न्यायालय तुमचंच आहे.

थेट न्यायालयात जाता येतं. एकटीने जायची भीती वाटत असेल तर महिला एवं बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) जा. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर तेही वाट दाखवतात. अधिकारी किंवा केंद्र ‘घरेलू घटना रिपोर्ट’, म्हणजे काय घडलं त्याची ठरलेल्या नमुन्यातली नोंद, भरून घेतात आणि अर्ज पुढे पाठवायला मदत करतात. पण ‘रिपोर्ट नाही तर आदेश नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रिपोर्टशिवायही दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अर्जाचा नमुना ठरलेला आहे: २००६ च्या नियमांतला फॉर्म २. इथलं काम हिंदीत चालतं, तेव्हा अर्ज हिंदीत लिहा. महाराष्ट्रातून आलेल्या सुनेने घरात हिंदी चांगली लिहिणाऱ्या कुणाला तरी बसवून लिहून घ्यावा. धमकीचे मेसेज मराठीत असतील तर मूळ तसंच ठेवून सोबत हिंदी भाषांतर जोडावं.

खरं काम असतं घटना लिहिण्याचं. मागे जळगावची एक मुलगी माझ्यासमोर बसून लिहीत होती. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘लग्न झाल्यापासून नेहमी त्रास देतात.’ खरंच होतं ते, पण त्यावर न्यायालयाला धरायला काही नाही. तारखा आठवेनात. मग आम्ही जुनं कालनिर्णय खाली काढलं. ‘गौरी जेवल्या त्या रात्री’ म्हटल्यावर तारीख सापडली, आणि वाक्य असं झालं: रात्री साडेनऊला, स्वयंपाकघरात, मोठ्या मुलीसमोर, पतीने उजवा हात पिरगळला, दुसऱ्या दिवशी एम.वाय. हॉस्पिटलमध्ये दाखवला, चिठ्ठी जोडली आहे. चार घटना अशा लिहा. पहिली, सगळ्यात वाईट, अलीकडची आणि जिला साक्षीदार आहे ती. संक्रांत, संकष्टी, मुलाचा वाढदिवस, यांच्या आधाराने तारखा निघतात.

यानंतरचा भाग बायका सर्रास विसरतात आणि तिथेच नुकसान होतं. काय हवं ते एकेक करून मागावं लागतं. हिंसा थांबवण्याचा आणि फोन-मेसेज, कामाच्या जागी येणं बंद करण्याचा आदेश कलम १८ खाली. घरात राहण्याचा किंवा त्याला घराबाहेर ठेवण्याचा कलम १९ खाली. खर्च व उपचाराचे पैसे कलम २०. मुलांचा तात्पुरता ताबा कलम २१. भरपाई कलम २२. माहेरी निघून आलात म्हणून घरावरचा हक्क जात नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, फक्त तुम्ही तिथे संसार केलेला असावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम २३. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा आदेश. त्यासाठी फॉर्म ३ मधलं शपथपत्र त्याच दिवशी जोडा आणि धोका आज काय आहे ते लिहा. गरज दिसली तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच दंडाधिकारी हा आदेश देऊ शकतात. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेशावर अडून बसा.

कागदांमध्ये आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक, असेल तर), लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका, फोटो), त्या घरात राहिल्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, ठाण्यात दिलेल्या आवेदनाची शिक्का मारलेली पावती, स्त्रीधनाची यादी. खर्च मागत असाल तर उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र लागेल. मेसेजची प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोनमधलं काही पुसू नका. आधीची एखादी केस चालू असेल तर ती लपवू नका, फॉर्ममध्ये तिचा रकाना आहे. नेसत्या वस्त्रानिशी निघाला असाल तर जे आहे त्यावर अर्ज लावा. बाकीचं नंतर जोडता येतं. सगळ्याच्या प्रती काढा: न्यायालयासाठी, प्रत्येक प्रतिवादीसाठी आणि एक स्वतःसाठी.

सुनावणीत स्वतः बोलता येतं. लोकांसमोर बोलवत नसेल तर बंद दाराआड सुनावणी मागा. ‘समझौता कर लो’ असा आग्रह झाला तर विचार करायला वेळ मागा, तिथल्या तिथे सही करू नका. साक्षी-उलटतपासणी सुरू झाली की मात्र वकील सोबत असावा असं माझं मत आहे, आणि तो फुकट मिळतो: जिला विधिक सेवा प्राधिकरणाकडे कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक १५१००.

आदेशाची प्रत न्यायालय विनामूल्य देतं, ठाण्यालाही पाठवतं. एक पर्समध्ये ठेवा, एक विश्वासातल्या शेजारणीकडे. अंतरिम असो की अंतिम, संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे: १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दारात उभा राहिला की ११२ लावा आणि ‘माझ्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. आणि त्याने माफी मागितली, घरी येऊन जेवून गेला, म्हणून संरक्षण आदेश आपोआप संपत नाही. तो रद्द करा असं तुम्ही न्यायालयाला सांगेपर्यंत, किंवा परिस्थिती बदलली म्हणून तुमच्या किंवा त्याच्या अर्जावरून न्यायालय त्यात फेरबदल करेपर्यंत तो लागू राहतो.