पाव पायाने तुडवत नाहीत हो!

'पायाने पीठ तुडवतात, म्हणून पाव' ही थाप आमच्या आजीच्या काळापासून चालत आलीय. कुठल्या भट्टीत कुणी तुडवलंही असेल, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. 'लादीतला चौथा भाग म्हणून पाव' हेही खोटंच.

शब्द पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे ब्रेडला 'पांव' म्हणतात, शेवटी नाकात उच्चार करून. मूळ लॅटिन 'पानिस'. इटालियन 'पाने' आणि स्पॅनिश 'पान' त्याचीच भावंडं. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, पुढे वसईही, आणि पाव इथे रुजला. गोव्यात सकाळी भोंगा वाजवत सायकलवर येणारा 'पोदेर'ही त्यांच्या 'पादेइरो'वरून, म्हणजे बेकरीवाला. 1543 मध्ये हेच लोक जपानला पोचले. तिथे ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. आता जपान्यांना कुठला आलाय मराठी पाय!

'पाव किलो'तला पाव मात्र संस्कृत 'पाद'वरून, पायही त्यातूनच. 'देवा, मला पाव'मधला पाव आणखी तिसरा, 'प्राप्'वरून आलेला. गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये पायाला 'पे' म्हणतात. बंगाली 'पाउरुटी' म्हणजे तर चक्क 'रोटी-रोटी'.